चित्राच्या कडेला उभा असलेला मुलगा

इंग्लंडमध्ये 1719 च्या सुमारास रंगवलेलं एक तैलचित्र आहे. दोन मीटर उंच, त्याहून थोडं जास्त रुंद. विग घातलेले चार धनवान पुरुष टेबलाशी जमलेत, समोर मद्याचे पेले आणि तंबाखू ओढायच्या लांब नळ्या. मागे मोकळ्या जागेत घरातली लहान मुलं खेळताहेत. कडेला, या मंडळींच्या दिमतीला, एक आफ्रिकी वंशाचा मुलगा उभा आहे. कपडे नीटनेटके, भारी. गळ्यात मात्र धातूचा पट्टा, आणि त्या पट्ट्याला कुलूप.

टेबलाशी बसलेल्यांतला मुख्य गृहस्थ एलिहू येल. अमेरिकेतलं येल विद्यापीठ ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तोच हा. चित्र जॉन व्हेरेल्स्ट या चित्रकाराचं मानलं जातं. 1970 मध्ये डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने ते विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाला, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टला, भेट दिलं. तिथे चित्राखालच्या पाटीवर या बड्या लोकांची नावं होती, हुद्द्यांसकट. मुलाची ओळख मात्र एकाच शब्दात आटोपलेली: हुजऱ्या. लग्नाच्या अल्बममध्ये एखादा वाढपी कडेला दिसतो आणि त्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नसतं, तसं.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आर्ट गॅलऱ्या आणि संग्रहालयं गेली काही वर्षं कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि त्याच्या आठवणी या विषयावर सातत्याने प्रदर्शनं भरवताहेत. त्यावरून भांडणं होतात, कोर्टकज्जे होतात, देणगीदार रुसतात. दुरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की चित्रांच्या प्रदर्शनात एवढं भांडण्यासारखं काय आहे? आणि हे सगळं कॉलेजातच का? त्याचं उत्तर शोधायला हे एक चित्र बरंच पुढपर्यंत नेतं.

आधी कॉलेजातच का, ते पाहू. अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांकडे स्वतःचे कलासंग्रह असतात. माजी विद्यार्थी आणि धनिक कुटुंबं चित्रं देतात, शिकवायला वस्तू लागतात म्हणून कॉलेजं त्या जमवतात, आणि शंभर-दोनशे वर्षांत तळघरं भरून जातात. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाला तिकिटं खपवायची चिंता असते. कॉलेजच्या गॅलरीला ती तितकी नसते. शिवाय शेजारच्या इमारतीत इतिहासाचे, रसायनशास्त्राचे, कायद्याचे प्राध्यापक बसलेले असतात, आणि दर वर्षी अठरा वर्षांची नवी पोरं येऊन नको ते प्रश्न विचारतात. माझ्या मते खरी ताकद या शेवटच्या गोष्टीत आहे. पन्नास वर्षं त्याच भिंतीपुढून जाणाऱ्या प्राध्यापकाला जे खटकत नाही, ते पहिल्या वर्षाच्या मुलीला पहिल्याच दिवशी खटकतं.

2020 मध्ये संग्रहालयाने ते चित्र भिंतीवरून उतरवलं आणि अभ्यासकांचा एक गट त्याच्या मागे लावला. आता असा अभ्यास म्हणजे नेमकं काय? एक, रंगांची तपासणी. कोणते रंग वापरलेत, कुठे खोडून पुन्हा रंगवलंय, यावरून चित्राचं वय आणि चित्रकाराची पद्धत कळते. दुसरं, वंशावळी आणि मृत्युपत्रं. पाटीवरची काही नावं त्यात चुकीची ठरली. तिसरं काम सगळ्यात नाजूक होतं, त्या मुलाचा शोध. चेहरा आणि अंगलट पाहून तो दहाएक वर्षांचा असावा, असा अंदाज बांधला गेला. असे गळपट्टे त्या काळच्या इतर ब्रिटिश चित्रांत आहेत का, हेही तपासलं गेलं. आहेत, आणि बरेच आहेत. म्हणजे ही एका चित्रकाराची लहर नव्हती. पट्टा खरा होता.

याला वर्तमानपत्रांतूनही दुजोरा मिळतो. ग्लासगो विद्यापीठातल्या इतिहासकारांनी अठराव्या शतकातल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांतल्या, पळून गेलेल्या गुलामांच्या शेकडो जाहिराती गोळा केल्या आहेत. कुणी, कुठून पळालं, अंगावर काय होतं, शोधून देणाऱ्याला बक्षीस किती. त्यातल्या काहींमध्ये गळ्यातल्या पट्ट्याचं वर्णन येतं, त्यावर कोरलेल्या मालकाच्या नावासकट. ज्या माणसांची नोंद एरवी कुठेच नाही, ती कागदावर उरली केवळ पळाली म्हणून. इतिहासकारांना या माणसांची उंची, कपडे, बोलण्याची ढब एवढं कळतं, कारण पळालेला माल परत हवा असलेल्या मालकाने ते लिहून ठेवलं.

मुलाचं नाव अभ्यासकांना सापडलं नाही. तो येलच्याच घरात होता की दुसऱ्या कुणाच्या, हेही ठरवता आलं नाही.

चित्र उतरवल्यावर त्या जागी काही महिन्यांसाठी दुसरं चित्र आणून लावलं गेलं. टायटस काफार हे येलमध्येच शिकलेले कृष्णवर्णीय चित्रकार. त्यांनी 2016 मध्ये याच समूहचित्रावरून स्वतःची एक कलाकृती केली होती. मूळ दृश्य कॅनव्हासवर रंगवलं, मग तो कॅनव्हास अक्षरशः चुरगळला. एलिहू येल आणि त्याचे पाहुणे त्या चुण्यांमध्ये गडप झाले. सपाट राहिला तो फक्त मुलाचा चेहरा, आणि त्याभोवती सोनेरी चौकट. गळ्यातला पट्टा काफार यांनी काढून टाकला आहे. मूळ चित्रात मुलाची नजर मालकांकडे आहे, इथे तो थेट आपल्याकडे पाहतो. कलाकृतीच्या नावाचा सूर साधारण असा, की तुमच्याबद्दल पुरे झालं.

मला यातली कारागिरी आवडते. मूळ चित्र जाळायचं नाही, फाडायचं नाही. त्याचीच भाषा वापरायची आणि प्रकाश दुसरीकडे वळवायचा. सोनेरी चौकट ही श्रीमंतांच्या तसबिरींची खूण, तीच मुलाला द्यायची.

2021 मध्ये मूळ चित्र भिंतीवर परत आलं. शीर्षक बदललं होतं. आता त्यात एलिहू येल आहे, त्याच्या कुटुंबातले लोक आहेत आणि एक गुलाम केलेलं मूल आहे. शेजारी अभ्यासाचे निष्कर्ष लावले गेले. काहींचं म्हणणं होतं की असलं चित्र परत लावूच नये. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण तळघरात ठेवलेलं चित्र फक्त विद्यापीठाची सोय करतं. ते कुणाला काही विचारत नाही.

इथे इतिहास आणि स्मृती यांतला फरक लक्षात येतो. गुलामगिरी होती, हे येलमधल्या प्रत्येक इतिहासकाराला कायम माहीत होतं, पुस्तकांतही ते होतं. पण भिंतीवर, पाटीवर, इमारतीच्या नावात काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवत असतं, आणि त्या ठरवण्यातून समाजाची स्मृती तयार होते. प्रदर्शनं बहुतेक वेळा नवा इतिहास सांगत नाहीत. माहीत असलेली गोष्ट ती भिंतीवर आणतात, आणि खळबळ त्याची होते.

येलमध्येच 2016 साली एक प्रसंग घडला. जॉन कॅल्हून या गुलामगिरीच्या कट्टर समर्थक राजकारण्याचं नाव असलेल्या वसतिगृह-कॉलेजात, जेवणघराच्या खिडकीवर रंगीत काचेचं एक चित्र होतं. डोक्यावर कापसाचे गठ्ठे घेतलेले गुलाम. तिथे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने झाडूच्या दांड्याने ती काच फोडली. आधी नोकरी गेली, अटक झाली, मग आरडाओरड झाल्यावर परत घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने त्या कॉलेजचं नाव बदलून संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं दिलं. त्याआधी नावबदलाची मागणी अनेक वर्षं चालली होती, समित्या बसत होत्या.

मद्रासचा गव्हर्नर

आता एलिहू येलकडे वळायला हवं, कारण त्याचा पैसा आपल्याकडून गेलेला आहे. जन्म 1649 चा, बोस्टनचा. लहानपणीच तो इंग्लंडला गेला आणि पुन्हा कधी अमेरिकेत आला नाही. त्याच्या नावाचं कॉलेज त्याने डोळ्यांनी पाहिलं नाही. 1672 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला आला आणि 1687 ते 1692 फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. हुद्द्याचा वापर करून स्वतःचे खिसे भरल्याच्या आरोपांवरून त्याला काढलं गेलं. हिऱ्यांच्या व्यापारात त्याने रग्गड कमावलं होतं.

तो गव्हर्नर असताना मद्रासच्या बंदरातून माणसांचीही विक्री होत होती. दुष्काळाचे दिवस होते, माणसं स्वस्त मिळत होती. त्याच्या कौन्सिलच्या नोंदींत, युरोपकडे निघणाऱ्या प्रत्येक जहाजावर किमान दहा गुलाम पाठवावेत असा आदेश आहे. ते सेंट हेलेना बेटावर कामाला लावायचे होते. येलच्या स्वतःच्या मालकीचे गुलाम होते का, याचा पक्का पुरावा नाही, आणि त्याचे पाठीराखे नेमकं हेच पुढे करतात. पण मालकी आणि व्यापार या दोन्हींत तो किती खोल होता यावर वाद घालताना एवढं विसरू नये, की जहाजावर चढवलेली माणसं दक्षिण भारतातली होती. त्यांच्या नावांच्या याद्याही कुणी ठेवल्या नाहीत.

1718 मध्ये या येलने कनेटिकटमधल्या एका लहानशा, पैशाची चणचण असलेल्या कॉलेजला पुस्तकं, राजा पहिला जॉर्ज याचं चित्र आणि मालाच्या नऊ गाठी पाठवल्या. तो माल विकून साडेपाचशेवर पौंड आले आणि कॉलेजने देणगीदाराचं नाव लावलं. तेवढ्याशा पैशात इतकं टिकाऊ नाव फार थोड्यांना मिळालं असेल.

जाता जाता दख्खनचं एक चित्र आठवतं. 1620 च्या सुमारास हाशिम या चित्रकाराने मलिक अंबरचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. अंबरही इथिओपियातून विकला गेलेला मुलगाच. पण त्या कागदावर तो एकटा आणि मध्यभागी आहे, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता-करविता म्हणून. हिंद महासागरातली गुलामगिरी सौम्य होती असा याचा अर्थ कुणी काढू नये. एका अंबरमागे हजारो निनावी हबशी होते. तरी चित्रकार माणसाला कुठे उभं करतो, यावरून त्या दरबारातलं त्याचं वजन कळतं, एवढं खरं.

चार मतं

येल ज्या शहरात आहे त्या न्यू हेवनमध्ये 1831 साली कृष्णवर्णीय तरुणांसाठी कॉलेज काढायचा प्रस्ताव आला. कृष्णवर्णीय कार्यकर्ते आणि सिमियन जोसलिन नावाचे एक गोरे पाद्री त्यामागे होते. शहरवासीयांची सभा भरली. विरोधात सुमारे 700 मतं, बाजूने 4. कॉलेज झालं नाही.

आठ वर्षांनी याच शहराच्या तुरुंगात चाळीसेक आफ्रिकी माणसं येऊन पडली. त्यांना आजच्या सिएरा लिओनच्या परिसरातून पळवून क्यूबात विकलं होतं. हवानाहून निघालेल्या 'आमिस्ताद' या जहाजावर सेंगबे पिए नावाच्या माणसाच्या पुढाकाराने त्यांनी बंड केलं. हत्यार होतं ऊस तोडायचे कोयते, जहाजाच्या सामानातच सापडलेले. जहाज भरकटत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं आणि सगळे पकडले गेले. हे गुलाम की अपहरण झालेली स्वतंत्र माणसं, यावर खटला उभा राहिला.

त्यांची भाषा कुणालाच येत नव्हती. येलमधले भाषेचे प्राध्यापक जोसाया गिब्ज तुरुंगात गेले, बोटं दाखवून त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले, आणि न्यूयॉर्कच्या गोदीत जाऊन ते आकडे मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कोवी नावाचा एक खलाशी थबकला. त्याला ती मेंडे भाषा कळत होती. पुढे कैद्यांची बाजू कोर्टात मांडली गेली ती त्याच्या तोंडून. 1841 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतंत्र ठरवलं आणि उरलेले पस्तीस जण मायदेशी परतले. खटला चालू असतानाच पाद्री जोसलिन यांचे चित्रकार भाऊ नॅथॅनिएल यांनी सेंगबे पिएचं व्यक्तिचित्र काढलं. अंगावर शुभ्र वस्त्र, हातात बांबूची काठी, नजर दूर. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते रॉबर्ट पर्व्हिस यांनी ते काढून घेतलं होतं.

या कैद्यांच्या मदतीसाठी जी समिती उभी राहिली, तिच्यातून आणि तिच्यासारख्या इतर गटांतून 1846 मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही संस्था झाली. यादवी युद्धानंतर, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी दक्षिणेत शाळा-कॉलेजं काढायला तिने पैसा आणि शिक्षक पुरवले. हॅम्प्टन, फिस्क, अटलांटा, टॅलडेगा ही नावं त्यातलीच. 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ती माणसं या चळवळीतली.

न्यू हेवनमध्ये जे 4 मतांवर अडकलं होतं, ते चार दशकांच्या आत हजार मैलांवर उभं राहिलं. आणि माझ्या दृष्टीने कॉलेज-गॅलऱ्यांच्या गोष्टीचा हा दुसरा, जास्त जुना आणि कमी बोलला जाणारा भाग आहे. येल-हार्वर्डने अलीकडे स्वतःच्या भिंती तपासायला घेतल्या की बातम्या होतात. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी हे काम कुणी न सांगता दीडशे वर्षांपासून चालवलं आहे.

अलाबामातलं टॅलडेगा कॉलेज 1867 चं. विल्यम सॅव्हरी आणि थॉमस टॅरंट या दोन मुक्त झालेल्या गुलामांनी त्याची सुरुवात केली. कॉलेजची जुनी इमारत मुळात गोऱ्या मुलांच्या शाळेसाठी 1850 च्या दशकात बांधलेली होती, गुलामांच्या हातांनी. सॅव्हरी हा सुतार होता आणि त्या इमारतीवर राबलेल्यांत तोही होता. आपण उभारलेल्या ज्या भिंतींच्या आत आपल्या मुलाला पाऊल टाकता येत नव्हतं, ती इमारत पुढे त्याच मुलांच्या शिक्षणासाठी विकत घेतली गेली.

आमिस्तादच्या बंडाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1939 मध्ये, कॉलेजचं नवं ग्रंथालय उघडलं. त्यासाठी हेल वुड्रफ या चित्रकाराकडून मोठी भित्तिचित्रं करून घेतली गेली. वुड्रफ त्याआधी मेक्सिकोत भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या हाताखाली काम करून आले होते. भिंतीवर गर्दी कशी हलती ठेवायची हे तिथे शिकलेले. न्यू हेवनला जाऊन त्यांनी कैद्यांची जुनी रेखाटनं आणि जोसलिन यांनी काढलेलं ते व्यक्तिचित्र अभ्यासलं. पहिल्या चित्रात जहाजावरची हाणामारी आहे: कोयते उगारलेले, पिळदार दंड, तिरपे दोर, झळझळीत निळे-पिवळे रंग. दुसऱ्यात खटला, तिसऱ्यात मायदेशी परतणं. उरलेल्या तीन चित्रांत गुलामांना गुपचूप उत्तरेकडे पोहोचवणारे मार्ग, कॉलेजचा पहिला दिवस आणि ग्रंथालयाचं बांधकाम.

1939 साली अलाबामात हे करणं सोपं नव्हतं. गोऱ्यांवर शस्त्र उगारणारा कृष्णवर्णीय माणूस नायक म्हणून भिंतीवर रंगवायचा, तोही अशा राज्यात जिथे संशयावरून झुंडी माणसं मारत होत्या. कॉलेजच्या आवारात, आपल्याच मुलांपुढे, ते शक्य झालं. ग्रंथालयाच्या जमिनीत आमिस्ताद जहाजाची आकृती बसवलेली आहे. तिच्यावर पाय द्यायचा नाही अशी विद्यार्थ्यांची रीत आहे. सगळे वळसा घालून जातात.

चित्रं कॅनव्हासवर रंगवून भिंतीला लावलेली असल्यामुळे पुढे ती उतरवता आली. अटलांटाच्या हाय म्युझियमबरोबर दुरुस्तीचं काम झालं आणि 2012 पासून ती देशभर फिरली. सत्तर वर्षं एका छोट्या गावातल्या ग्रंथालयात असलेली चित्रं मोठ्या शहरांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अशी गॅलरी या कॉलेजांना का हवी होती, याचं एक उदाहरण 1941 सालचं. एलिझाबेथ कॅटलेट या शिल्पकार तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात कला शिकवत होत्या. शहराच्या संग्रहालयात पिकासोचं प्रदर्शन आलं होतं. संग्रहालय होतं सार्वजनिक बागेत आणि बागेत कृष्णवर्णीयांना बंदी. कॅटलेट यांनी संग्रहालय बंद असण्याचा दिवस ठरवून घेतला आणि विद्यार्थ्यांची बस थेट दारापर्यंत नेली, म्हणजे बागेच्या जमिनीला पाय लागायला नको. त्या मुलांनी तोवर संग्रहालय आतून पाहिलेलंच नव्हतं. कला शिकत होती ती मुलं, आणि पाहायला चित्रं नव्हती.

म्हणून कॉलेजांनी आपापल्या गॅलऱ्या काढल्या. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची 1930 मध्ये उघडली. अटलांटात वुड्रफ यांनीच 1942 पासून कृष्णवर्णीय कलावंतांचं वार्षिक प्रदर्शन सुरू केलं. ते 1970 पर्यंत चाललं, बक्षीस मिळालेली कामं विद्यापीठ विकत घेत असे आणि त्यातून आजच्या क्लार्क अटलांटा विद्यापीठाचा संग्रह उभा राहिला. ज्या कलावंतांच्या कामासाठी आज मोठी संग्रहालयं धावतात, त्यांची चित्रं या कॉलेजांनी कुणी विचारत नव्हतं तेव्हा घेतलेली आहेत. त्याच अटलांटात स्पेलमन हे मुलींचं कॉलेज आहे. 1996 पासून त्याचं संग्रहालय आफ्रिकी वंशाच्या स्त्री-कलावंतांवरच लक्ष ठेवून आहे.

सगळ्यात जुनं व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनचं, 1868 चं. हेन्री ओसावा टॅनर यांचं 1893 मधलं एक चित्र तिथे आहे. साध्या खोलीत एक म्हातारा खुर्चीवर बसलाय, त्याच्या मांडीशी टेकून एक पोरगा उभा आहे, आणि म्हातारा त्याला बॅन्जो वाजवायला शिकवतोय. एका बाजूने चुलीचा उबदार उजेड, दुसऱ्या बाजूने खिडकीतला थंड. त्या काळी बॅन्जो वाजवणारा कृष्णवर्णीय म्हटलं की रंगमंचावरचा विदूषकच डोळ्यांपुढे आणायची सवय प्रेक्षकांना होती. टॅनर यांनी तेच वाद्य घेतलं आणि शिकवण्याचा, एकाग्रतेचा क्षण रंगवला. दोघांपैकी कुणीही पाहणाऱ्याकडे बघत नाही, कारण त्यांना काम आहे.

या कॉलेजांची अडचण मात्र पैशाची आहे आणि ती संपत नाही. चित्रं टिकवायला ठरावीक तापमान लागतं, विमा लागतो, माणसं लागतात. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाला 1949 मध्ये चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांनी आपल्या दिवंगत पतीच्या, आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या संग्रहातल्या 101 कलाकृती दिल्या होत्या. अट होती की त्या विकायच्या नाहीत. पुढे विद्यापीठ इतकं अडचणीत आलं की विक्रीची परवानगी मागायला कोर्टात जावं लागलं. बरीच वर्षं खटला चालून 2012 मध्ये तोडगा निघाला. आर्कान्सातल्या एका श्रीमंत संग्रहालयाने 3 कोटी डॉलर देऊन अर्धा हिस्सा घेतला आणि संग्रह दोन-दोन वर्षं इकडे-तिकडे फिरायचं ठरलं. जुन्या श्रीमंत विद्यापीठांना आपल्या भूतकाळाची चौकशी करायला निधी मिळतो. फिस्कला जे आहे ते राखण्यासाठी त्यातलं अर्धं द्यावं लागलं.

फोटो कुणाचा

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. भूतकाळातली काही चित्रं अशी असतात की ती पुन्हा दाखवणं म्हणजे अपमान पुन्हा करणं.

1850 मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांच्या सांगण्यावरून दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया गावात सात गुलामांचे फोटो काढले गेले. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि गोरे त्यात श्रेष्ठ, हे अगासींना सिद्ध करायचं होतं. त्या बायका-पुरुषांना कपडे उतरवून कॅमेऱ्यापुढे उभं केलं गेलं. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरचे ते फोटो हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियमच्या माळ्यावर पडून होते. 1976 मध्ये ते सापडले. रेंटी, त्यांची मुलगी डेलिया, जॅक, ड्राना अशी नावं त्यांच्यासोबत लिहिलेली होती.

कॅरी मे विम्स या छायाचित्रकार कलावतीने 1995-96 मध्ये यातले काही फोटो घेऊन एक मालिका केली. फोटो मोठे केले, रक्तासारख्या लाल रंगात छापले, गोल चौकटीत बसवले आणि वरच्या काचेवर वाक्यं कोरली. ही वाक्यं फोटोतल्या माणसाशी बोलतात: तुम्हाला विज्ञानाचा नमुना करून टाकलं. पाहणाऱ्याला फोटो दिसतो तो या वाक्याच्या आडून. नुसतं बघत राहण्याची सोयच विम्स यांनी ठेवलेली नाही. परवानगीशिवाय फोटो वापरले म्हणून हार्वर्डने दाव्याची धमकी दिली होती, असं विम्स यांनी नंतर सांगितलं. त्यांचं उत्तर होतं की कायद्याने तुमचं बरोबर असेलही, पण नैतिक बाजू माझी आहे, तेव्हा होऊन जाऊ दे कोर्टात. दावा झाला नाही. हार्वर्डने पुढे त्यांचीच ती कामं आपल्या संग्रहासाठी विकत घेतली.

प्रश्न मात्र संपला नाही. आपण रेंटी यांच्या वंशातल्या आहोत असं सांगणाऱ्या एका बाईंनी 2019 मध्ये हार्वर्डवर खटला भरला. फोटो काढताना रेंटींची संमती कुणी घेतली नव्हती, मग ते हार्वर्डचे कसे? मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की फोटोची मालकी फोटोतल्या माणसाकडे किंवा त्याच्या वारसांकडे जात नाही. पण हार्वर्डने या बाईंना ज्या तऱ्हेने वागवलं, त्याने झालेल्या मनस्तापाबद्दल त्या दाद मागू शकतात. कायद्याच्या भाषेत हा अर्धा विजय. गॅलरी चालवणाऱ्यांसाठी मात्र तो मोठा इशारा होता, कारण संग्रहातल्या वस्तूंचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू, हे म्हणणं इथून पुढे तितकं सोपं राहिलं नाही.

2025 च्या मे महिन्यात तडजोड झाली. फोटो हार्वर्डकडून जाणार आणि दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला मिळणार, असं ठरलं. हे संग्रहालय 2023 मध्ये उघडलं, गॅड्सडेन धक्क्याच्या जागेवर, जिथे आफ्रिकेतून आणलेल्या हजारो माणसांना जहाजांतून उतरवलं जात असे. ते फोटो लोकांना दाखवायचे का, दाखवले तर कपडे उतरवलेल्या त्या देहांपुढे पाहणाऱ्याने कसं उभं राहायचं, आणि हे ठरवताना वंशजांना काय विचारायचं, हे काम आता चार्ल्स्टनकडे आलं आहे.